नसब : अपत्याचा पहिला हक्क
(वंध्यत्वावरील उपचार आणि वीर्यदात्याचा प्रश्न)

आकाश आणि पृथ्वीची सत्ता अल्लाहचीच आहे. तो इच्छील त्याला मुली देतो, इच्छील त्याला मुलगे देतो, कोणाला दोन्ही देतो, तर कोणाला निःसंतान ठेवतो. तो सर्व जाणणारा आणि सर्व करू शकणारा आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अश-शूरा (४२) मधील ४९ व ५० या आयतींचा हा आशय आहे. वाचकहो, या आयतींचा क्रम नीट ध्यानात घ्या. निःसंतान असण्याचा उल्लेख येथे शिक्षा किंवा कलंक म्हणून आलेला नाही. मुलगी होणे आणि मुलगा होणे ज्या ओळीत आहे, त्याच ओळीत तोही आहे. चौघांचा निर्णय करणारा एकच आहे आणि तो सर्वज्ञ आहे.

तरीही अपत्याची ओढ हा ईमानमधील उणेपणा नव्हे. हजरत जकरिया (अलै.) वृद्ध झाले होते, त्यांच्या पत्नीला मूल होत नव्हते. अशा स्थितीत त्यांनी हळू आवाजात आपल्या पालनकर्त्याला पुकारले आणि मला एकटे ठेवू नकोस अशी विनवणी केली. सूरह मरयम (१९) आणि सूरह अल-अंबिया (२१) यांत हा प्रसंग आला आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांनाही वार्धक्यात संतती लाभली. ज्या घरात पाळणा हलत नाही त्या घरातील दुःख प्रेषितांनीही सोसले आहे. म्हणून अशा जोडप्याला कोणी उपदेशाच्या सुरात ‘सब्र करा’ एवढेच सांगून मोकळे होऊ नये. उपचार करणे हीसुद्धा प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आपण औषधोपचार करावा, कारण वार्धक्य वगळता अल्लाहने असा कोणताही आजार उतरविलेला नाही ज्याचे औषध उतरविले नाही, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे.

प्रश्न उपचाराचा नाही. उपचार कोठपर्यंत न्यावा, हा प्रश्न आहे.

प्रश्न कोठे उभा राहतो?

वर्षानुवर्षे तपासण्या चालतात. एक दिवस डॉक्टर सांगतात की पतीच्या वीर्यात शुक्राणू आढळत नाहीत आणि दात्याचे शुक्राणू घ्यावे लागतील. मग दात्याची उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण यांची माहिती समोर येते. त्यातून पतीशी मिळताजुळता दाता निवडायचा. तो कोण, हे जोडप्याला कळत नाही आणि जोडपे कोण, हे त्याला कळत नाही. पुष्कळदा सुचविले जाते की ही गोष्ट दोघांतच ठेवा, कोणाला सांगण्याची गरज नाही. पैसा खर्च झालेला असतो, पत्नीचे वय वाढत असते, सासरमाहेरचे लोक विचारत असतात. अशा घाईच्या क्षणी मुस्लिम जोडप्यापुढे प्रश्न येतो : कोणता दाता निवडावा?

या प्रश्नाआधी एक प्रश्न आहे आणि तोच या लेखाचा विषय आहे : जे मूल जन्माला येईल ते कोणाचे असेल?

गोरेगावपासून मरोळ आणि पवईपर्यंत पसरलेली आरे कॉलनी उपनगरांतील आपल्या अनेक कुटुंबांच्या रोजच्या वाटेवर आहे. मुंबईत दाटीवाटीने असलेले म्हशींचे तबेले शहराबाहेर न्यावेत आणि लोकांना स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली ही दुग्धवसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. दुधाच्या धंद्यातील माणसाला कृत्रिम रेतन नवे नाही. गोठवलेली रेतमात्रा घेताना तो रेड्याची जात विचारतो, त्याच्या आईने एका वेतात किती दूध दिले ते विचारतो आणि त्यावर निवड करतो. त्यात काही गैर नाही. जनावर अल्लाहने माणसाच्या उपयोगासाठी दिले आहे आणि म्हशीच्या पारडीला पित्याचे नाव लागत नाही, वारसा लागत नाही, निकाहसाठी नाती पाहावी लागत नाहीत. दूध वाढले की हेतू साधला.

मनुष्याचे तसे नाही. सूरह अल-फुरकान (२५) च्या ५४ व्या आयतीत अल्लाहने पाण्यापासून मानव निर्माण केल्याचा उल्लेख आहे आणि त्याला जोडूनच सांगितले आहे की त्याने मानवासाठी रक्ताचे आणि विवाहाचे अशी दोन नाती ठरविली. ज्या थेंबापासून मनुष्य घडतो त्या थेंबाबरोबर नातेही येते. उंची, वर्ण आणि रक्तगट जुळविता येतात. नाते जुळविता येत नाही, ते असते किंवा नसते.

मुंबई आणि अम्मान : १९८६

कृत्रिम गर्भधारणेच्या शास्त्राचा जन्म फार जुना नाही. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन ही पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी एका मुलीचा जन्म झाला, पण त्यांच्या कार्याला त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले भारतातील हे पहिले मूल मानले जाते. अर्थात या विद्येने आपल्या देशात परळमध्ये, आपल्याच शहरात, पाय रोवले.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जॉर्डनची राजधानी अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीचे तिसरे अधिवेशन भरले. तेथे वैद्यकतज्ज्ञांचे म्हणणे ऐकून विद्वानांनी कृत्रिम गर्भधारणेच्या सात पद्धतींचा विचार केला. त्यांपैकी पाच निषिद्ध आणि दोन, गरज असेल तेव्हा आणि पूर्ण खबरदारी घेऊन, अनुज्ञेय ठरविल्या. अनुज्ञेय पद्धतींपैकी पहिलीत पतीचे शुक्राणू आणि त्याच्याच पत्नीचे बीजांड यांचे फलन बाहेर करून भ्रूण त्याच पत्नीच्या गर्भाशयात ठेवला जातो. दुसरीत पतीचे शुक्राणू थेट पत्नीच्या शरीरात सोडले जातात. ज्या पद्धतींत परक्या पुरुषाचे शुक्राणू, परक्या स्त्रीचे बीजांड किंवा परक्या स्त्रीचे गर्भाशय येते त्या निषिद्ध ठरल्या. याच्याही आधी, १९८० साली, इजिप्तचे मुफ्ती शेख जादुल हक यांनी याच अर्थाचा फतवा दिला होता.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. इस्लामने या शास्त्राकडे पाठ फिरविलेली नाही. आयव्हीएफ हराम आहे, असे जे सरसकट बोलले जाते ते बरोबर नाही. पती, पत्नी आणि त्यांचा चालू असलेला निकाह या मर्यादेत विज्ञानाला वाट मोकळी आहे. ही मर्यादा ओलांडणाऱ्या दात्याच्या वाटेला मात्र सुन्नी फिकहच्या चारही मजहबांचे समकालीन विद्वान जवळपास एकमुखाने नकार देतात. शिया परंपरेतील काही विद्वानांनी, विशेषतः इराणमध्ये, काही अटींसह वेगळे मत मांडले आहे. त्या परंपरेचे वाचक आपल्या मरजाचा निर्णय विचारतीलच.

नकारामागील कारण

मर्यादा समजली की आज्ञापालन सोपे होते, म्हणून कारण पाहू.

हुनैनच्या प्रसंगी प्रेषित (स.) यांनी फर्माविल्याचे हजरत रुवैफा बिन साबित (रजि.) सांगतात की, जो अल्लाहवर आणि अंतिम दिनावर श्रद्धा ठेवतो त्याने आपले पाणी दुसऱ्याच्या शेताला देऊ नये. अबू दाऊदच्या संग्रहातील या हदीसचा मूळ संदर्भ युद्धात बंदी झालेल्या गर्भवती स्त्रियांचा आहे. पण तिच्यातील तत्त्व व्यापक आहे. एका निकाहच्या शेतात दुसऱ्याचे पाणी येऊ नये, म्हणजे पीक कोणाचे हा संशय उरत नाही. पतीच्या मृत्यूनंतर किंवा तलाकनंतर इद्दत पाळण्यामागेही हे एक कारण आहे.

दुसरा आधार सूरह अल-अहजाब (३३) चा. हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांच्यावर प्रेषितांचे इतके प्रेम होते की लोक त्यांना मुहम्मदपुत्र म्हणत. चौथ्या आणि पाचव्या आयतींनी ही प्रथा थांबविली. मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारा, हेच अल्लाहपाशी अधिक न्यायाचे आहे, असा आदेश झाला. प्रेम कमी झाले नाही, सांभाळ थांबला नाही. बदलले ते केवळ नाव, कारण ते नाव जैद यांच्या जन्मदात्या पित्याचे होते, ते घेण्याचा अधिकार जगातील सर्वोत्तम पालकालाही नव्हता. विचार करा, जेथे प्रेषितांच्या घरातही नसब बदलू दिली गेली नाही, तेथे आपल्या घरात ती गुप्तपणे बदलण्याची मुभा कशी असेल?

येथेच या विषयाचा गाभा आहे. नसब ही आईवडिलांची मालमत्ता नाही. ती मुलाची अमानत आहे. मी कोणापासून आलो, माझा वारसा कोणाकडून येतो, मी कोणाशी निकाह करू शकत नाही, माझे मामा-काका-आत्या कोण, या प्रश्नांची खरी उत्तरे मिळणे हा त्याचा हक्क आहे. दात्याच्या पद्धतीत मूल जन्मण्यापूर्वीच हा हक्क त्याच्या वतीने सोडून दिला जातो आणि सोडून देणारे असतात त्याच्यावर सर्वाधिक प्रेम करणारे दोघे. मूल हवे ही आपली इच्छा रास्त आहे. परंतु तिची किंमत त्या मुलाच्या खिशातून चुकविता येत नाही.

नेहमी घेतले जाणारे आक्षेप

‘यात कोणताही स्पर्श नाही, मग ही जिना कशी?’ हा आक्षेप योग्य ठिकाणी आहे. अनेक विद्वानांनी स्पष्ट केले आहे की याला जिनाची शिक्षा लागू होत नाही, कारण जिनाचे कृत्य घडलेले नसते. पण जिना निषिद्ध होण्यामागे जी कारणे आहेत, त्यांतील नसब मिसळण्याचे कारण येथे पूर्णपणे उपस्थित आहे. जिना नाही म्हणजे जायज आहे, असा अर्थ निघत नाही.

‘कायद्याने परवानगी आहे.’ खरे आहे. आपल्या देशात सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. त्यानुसार नोंदणीकृत बँकच दात्याची तपासणी करून शुक्राणू साठवू शकते, शुक्राणूदात्याचे वय २१ ते ५५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते, एका दात्याचे शुक्राणू एकापेक्षा अधिक जोडप्यांना देता येत नाहीत आणि दात्याला जन्मलेल्या मुलावर कोणताही पालकत्वाचा हक्क राहत नाही. मूल त्या जोडप्याचेच मानले जाते. या तरतुदी रुग्णांच्या आणि मुलांच्या संरक्षणासाठी आहेत, त्यांचा आदर केला पाहिजे. मात्र कायदा एवढेच ठरवितो की दावा कोणी करावा आणि कोणी करू नये. रक्ताचे नाते कोणाशी आहे, हे कोणत्याही अधिनियमाने बदलत नाही. कायद्याने जे करण्याची मोकळीक दिली ते करण्याची सक्ती केलेली नाही.

‘परका नको, घरातलाच दाता घेऊ. दिराचे शुक्राणू म्हणजे घरचेच रक्त.’ ही सूचना वडीलधाऱ्यांकडूनही येते, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. दीर वहिनीसाठी गैरमहरम आहे. ज्या दिराबरोबर एकांतात बसण्यासही प्रेषितांनी अत्यंत कठोर शब्दांत मनाई केली, त्याचे बीज वहिनीच्या गर्भात ठेवणे कसे चालेल? पुढे ते मूल काकाला काका म्हणेल, पण तो त्याचा जन्मदाता असेल. ज्यांना ते चुलत भावंडे समजेल, ती त्याची सख्ख्या पित्याची मुले असतील आणि चुलत भावंडांत निकाह होतात! एका गुपिताने दोन पिढ्यांनंतर केवढे संकट ओढवू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

नात्यातील दाता हा गुंता सोडवीत नाही, वाढवितो, याचे एक उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२४ मधील निर्णयात सापडते. तेथे प्रश्न शुक्राणूचा नव्हता, बीजांडाचा होता. पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीजांड दिले आणि सरोगसीच्या मार्गाने जुळ्या मुली झाल्या. पुढे पतिपत्नी विभक्त झाले. मुली पित्याकडे गेल्या, तेथेच बीजांड देणारी बहीणही राहू लागली आणि मुलींना भेटता यावे म्हणून पत्नीला न्यायालयाची पायरी चढावी लागली. बहीणच मुलींची जैविक माता आहे, असे पतीच्या बाजूने सांगितले गेले. न्यायालयाने ते मान्य केले नाही. दात्याला पालकत्वाचा कायदेशीर हक्क नाही, असे सांगून पत्नीला मुलींना भेटण्याची परवानगी दिली. न्याय झाला, पण त्या मुलींसाठी ‘आई’ आणि ‘मावशी’ हे दोन साधे शब्द कायमचे अवघड झाले.

‘कोणालाही कळणार नाही.’ अल्लाहला कळते, हे उत्तर श्रद्धावंताला पुरेसे आहे. शिवाय आता रक्ताच्या नात्याची तपासणी सामान्य झाली आहे. एखाद्या आजारात, अवयवदानाच्या वेळी, वारशाच्या वादात सत्य बाहेर येते आणि ते बहुधा सर्वांत वाईट क्षणी येते.

‘दात्याशिवाय पर्याय नाही’ असे कळले तर

येथपर्यंत जे वाचले त्यावरून हताश होऊ नका. पुष्कळ वेळा दात्याचा सल्ला तपासणी पुरी होण्याआधीच दिला जातो आणि जोडपे तो अंतिम समजते. शरीयतची मर्यादा पाळणाऱ्या जोडप्याने पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात.

पहिली गोष्ट, पतीची तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींपैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो आणि सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो. तरी आपल्याकडे आधी सुनेला दवाखान्यात नेतात. पुरुष वर्षानुवर्षे तपासणी टाळतो. वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त आहे, ती सर्वांत आधी झाली पाहिजे. नमुना पत्नीच्या सहवासातून देण्याची सोय, या कामासाठी मिळणाऱ्या विशेष निरोधाची सोय आहे का, हे प्रयोगशाळेला विचारता येते. यात संकोच बाळगू नये.

दुसरी गोष्ट, एका अहवालावर निर्णय घेऊ नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. मध्यंतरी तीव्र ताप येऊन गेला असेल, तरी अहवाल वाईट येऊ शकतो. तंबाखू, गुटखा, अतिउष्ण ठिकाणचे काम यांचाही परिणाम होतो. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती थांबवू शकतात, हे आपल्या तरुणांना ठाऊकच नसते. ती बंद केल्यावर बऱ्याच जणांची निर्मिती काही महिन्यांत पूर्ववत होते.

तिसरी गोष्ट, शुक्राणू ‘शून्य’ असले तरी कारण विचारावे. शुक्राणू तयार होत आहेत पण वाट बंद आहे, की तयारच होत नाहीत? वाट बंद असेल तर शस्त्रक्रियेने ती उघडता येते किंवा वृषणातून सुईने शुक्राणू काढता येतात. निर्मिती कमी असेल तरी सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेत अनेकांच्या वृषणात थोडे शुक्राणू सापडतात. मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकांची कमतरता असेल तर इंजेक्शनांनी उपचार होतो. आणि १९९२ पासून जगाला माहीत असलेल्या इक्सी या पद्धतीत एका बीजांडासाठी एकच शुक्राणू पुरतो. म्हणून पुरुषांच्या वंध्यत्वाचा तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरचे दुसरे मत घेतल्याशिवाय दात्याच्या कागदाला हात लावू नये. गुणसूत्रांची तपासणीही त्यांच्या सल्ल्याने करावी, काही दोषांत आशा नसते आणि तेही वेळीच कळलेले बरे.

चौथी गोष्ट, संमतीपत्र. हे कागद बहुधा इंग्रजीत आणि लांबलचक असतात. कायद्याने लेखी आणि समजून दिलेली संमती आवश्यक आहे, म्हणून प्रत्येक पान समजावून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. ऐनवेळी पतीचे शुक्राणू उपयोगी न पडल्यास दात्याचे वापरण्यास संमती, असे कलम असेल तर ते स्वीकारू नये आणि केवळ पतीपत्नीच्याच जननपेशी वापराव्यात, असे लेखी द्यावे. नमुन्यांवरील नावे कशी पडताळली जातात, प्रत्येक टप्प्यावर दुसरा साक्षीदार असतो का, उरलेल्या भ्रूणांचे काय होते, हे विचारावे. विद्वानांनी अनुज्ञेय पद्धतींसाठीही पूर्ण खबरदारीची अट घातली, ती याच अदलाबदलीच्या भीतीने. गोठवून ठेवलेले भ्रूण तलाकनंतर किंवा पतीच्या मृत्यूनंतर वापरू नयेत, कारण ज्या निकाहमुळे ते जायज होते तो निकाह उरलेला नसतो.

सर्व दरवाजे बंद झाले तर

सर्व प्रयत्न करूनही मूल झाले नाही, तर काय? प्रथम हे ध्यानात घ्या की उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. त्यांनी आपली खंत व्यक्त केली तेव्हा प्रेषितांनी त्यांना त्यांचे भाचे अब्दुल्लाह बिन जुबैर यांच्या नावावरून ‘उम्मे अब्दुल्लाह’ ही कुन्यत दिली. त्यांच्या पोटी एकही मूल जन्मले नाही, पण त्यांच्याकडून दीन शिकलेल्या पिढ्यांची गणती कोण करील? निःसंतान स्त्रीचे आयुष्य अपूर्ण मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरा मार्ग आहे निराधार मुलाचा सांभाळ. अनाथाचे पालन करणारा आणि आपण स्वतः जन्नतमध्ये दोन बोटांप्रमाणे जवळ असू, अशी शुभवार्ता प्रेषितांनी दिली आहे. मुलाची नसब न लपविता त्याला घरात वाढविता येते. पित्याचे नाव ठाऊक नसेल तर अशी मुले तुमचे धर्मबंधू आहेत, असे तीच अल-अहजाबची आयत सांगते. भारतीय कायद्यात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्व घेता येते. बालन्याय कायद्याखाली दत्तक घेण्याचा मार्ग मुस्लिमांसाठीही खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले, मात्र तो ऐच्छिक आहे. मुलाला वारसाहक्क मिळत नसला तरी हयातीत हिबा करता येतो आणि एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते.

मूल दोन वर्षांच्या आतील असेल तर दूधनात्याचाही विचार करावा. पत्नीने, किंवा तिच्या बहिणीने, त्या बाळाला स्तनपान दिले तर दुधाचे नाते जुळते आणि मोठेपणी पडद्याची अडचण राहत नाही. हनफी फिकहनुसार थोडेसे दूधही पुरते. शाफई फिकहनुसार पाच वेळा पाजणे आवश्यक आहे. आपले कोकणी बांधव बहुतेक शाफई असल्याने त्यांनी ही गणना आपल्या आलिमांकडून समजून घ्यावी. प्रसूती न झालेल्या स्त्रीलाही वैद्यकीय साहाय्याने दूध येऊ शकते. मुलगी घेतली तर पतीशी नाते कोणत्या स्तनपानाने जुळेल, हे आधीच विचारून ठेवावे.

ज्यांच्याकडून घडून गेले आहे

काही वाचक असे असतील ज्यांनी ही माहिती नसताना दात्याचा मार्ग स्वीकारला आणि आज त्यांच्या घरात मूल खेळत आहे. त्यांनी निराश होऊ नये. तौबेचे दार उघडे आहे. मुख्य म्हणजे त्या मुलावर कणभरही दोष नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हा कुरआनचा नियम आहे. त्या मुलाला प्रेम, शिक्षण आणि प्रतिष्ठा यांत काहीही कमी पडता कामा नये. ज्या स्त्रीशी पतीचा संसार झाला आहे तिची मुलगी त्याला महरम असते, हे सूरह अन-निसा (४) च्या २३ व्या आयतीवरून स्पष्ट आहे, म्हणून त्या घरात परकेपणा शिरण्याचे कारण नाही. नसब, वारसा आणि मुलाला केव्हा, काय सांगावे याविषयी विश्वासू मुफ्तींना एकांतात विचारावे. हा विषय चारचौघांत मांडू नये आणि ज्यांना कळला असेल त्यांनी झाकून ठेवावा. मुसलमानाचे उणे झाकणाऱ्याचे उणे अल्लाह झाकतो.

घरच्यांची जबाबदारी

शेवटी दोन शब्द कुटुंबीयांसाठी. जोडपी दात्याच्या वाटेकडे का वळतात याचा विचार करा. पुष्कळदा मुलापेक्षाही लोकांच्या प्रश्नांची भीती मोठी असते. पतीचा दोष झाकण्यासाठी पत्नी ‘वांझ’ हा शब्द मुकाट्याने ऐकते आणि पती तो शब्द ऐकू देतो. दोष कोणाचाही नाही हे खरे, पण सत्य लपवून पत्नीला बोल लावू देणे हा अन्याय आहे. आपल्याला मूल होत नाही हे ठाऊक असलेल्या पुरुषाने ते पत्नीला सांगून तिला निवडीची मुभा द्यावी, असे हजरत उमर (रजि.) यांनी एकाला बजावल्याची रिवायत आहे. लग्नसमारंभात, ईदच्या भेटीत, ‘अजून काही नाही का?’ हा एक प्रश्न आपण विचारणे थांबविले, तरी कित्येक घरांवरील ओझे उतरेल आणि त्या घरांतील निर्णय भीतीऐवजी ईशभयाने होतील.

अल्लाह ज्यांची ओटी रिकामी आहे त्यांना सदाचारी संतती देवो. ज्यांच्यासाठी त्याने वेगळे ठरविले आहे त्यांच्या हृदयांना समाधान आणि त्यांच्या घरांना बरकत देवो. आमीन.